चौदा इंच, दीड किलोच्या आत

लेकीला माटुंग्याच्या कॉलेजात मेकॅनिकलला प्रवेश मिळाला आणि कॅप राउंडची धाकधूक संपते न संपते तोच घरात लॅपटॉपचा विषय निघाला. २०२५ चा ऑगस्ट होता, सेलच्या जाहिराती सगळीकडे झळकत होत्या. आम्ही राहतो कल्याणला. म्हणजे रोज सकाळी फास्ट लोकलने कुर्ला, तिथून स्लोने माटुंगा आणि संध्याकाळी तसंच उलट. साठ हजारांच्या वर जायचं नाही, एवढं आम्ही दोघांनी आधीच ठरवून टाकलं होतं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. दीर म्हणाले, इंजिनिअरिंगला जातेय तर ग्राफिक्स कार्ड हवंच. ऑफिसमधल्या सहकाऱ्याने आय-सेव्हनच्या खाली जाऊ नका म्हणून बजावलं. बहीण म्हणाली, ‘ताई, सरळ मॅक घे, चार वर्षं बघायला नको.’ प्रत्येकाचं म्हणणं त्याच्या जागी ठीक असेल, पण हा लॅपटॉप रोज उचलणार कोण आणि किती तास, हे एकानेही विचारलं नाही. मला तोच प्रश्न पहिला वाटला.

म्हणून आम्ही आधी तिची सॅक भरली. मिनी ड्राफ्टर, जर्नल, वर्कशॉपचा अ‍ॅप्रन, डबा, लिटरची पाण्याची बाटली, छत्री. शीटचा कंटेनर खांद्याला वेगळा. भरलेली सॅक खालच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवली, तर ४ किलो १०० ग्रॅम भरली. लॅपटॉप अजून त्यात गेलाच नव्हता. मग कागदावर हिशेब मांडला. गेमिंगचे म्हणून मिळणारे १५.६ इंची लॅपटॉप साधारण २.३ किलोचे असतात आणि त्यांचा चार्जरच अर्धा-पाऊण किलोचा, विटेएवढा. म्हणजे सॅक झाली सात किलोची. त्याऐवजी १४ इंची, १.४ किलोचा घेतला, त्याचा चार्जर पाव किलोच्या आसपास धरला, तर पावणेसहा. फरक सव्वा किलोचा. ऐकायला किरकोळ वाटतो. पण लेकीचं वजन ४६ किलो आहे आणि सकाळच्या गर्दीत लेडीज डब्यात सॅक पाठीवर ठेवता येत नाही. ती पुढे घेऊन छातीशी कवटाळून उभं राहावं लागतं. रॅकवर ठेवायची तर तिथपर्यंत हात पोहोचायला हवा.

आमच्याच इमारतीत तिसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी आहे. तिला मुद्दाम विचारलं. ती म्हणाली, ‘काकू, माझा गेमिंगचा आहे. पहिल्या वर्षी हौसेने नेला, पाठ धरायला लागली तसा घरीच ठेवला. आता ग्रुपचं प्रेझेंटेशन असलं की मैत्रिणीच्या लॅपटॉपवर करते.’ साठ-सत्तर हजारांची वस्तू टेबलावर पडून राहते आणि नेमकी हवी तेव्हा जवळ नसते, हे ऐकल्यावर आमचा पहिला नियम ठरला: १४ इंच, दीड किलोच्या आत. बाकी सगळं या चौकटीत बसवायचं.

पण ग्राफिक्स कार्डाचं काय? ती शंका दिरांनी काढली होती आणि ती रास्तच होती. मेकॅनिकलला डिझाइनसाठी सॉलिडवर्क्स लागतं, ऑटोकॅड लागतं, पुढे सिम्युलेशनसाठी अ‍ॅन्सिससारखं काहीतरी येतं. कॉलेजच्या लॅबमध्ये ही सॉफ्टवेअर बसवलेली असतात आणि जड सिम्युलेशन तिथेच करून घेतात, हे तिसऱ्या वर्षाच्या मुलीकडून कळलं. घरी करायची असतात ती एकेका पार्टची आणि लहान असेंब्लीची मॉडेलं. ती प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर चालतात. खरी अडचण मेमरीची येते: सॉलिडवर्क्स स्वतःच १६ जीबी किंवा त्याहून जास्त रॅम सांगतं. तेव्हा वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचे पैसे आणि त्याचं वजन दोन्ही वाचवून ते पैसे रॅममध्ये घालायचे, हे पक्कं झालं. ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना फुकट मिळतात, दर वर्षी पात्रता दाखवून मुदत वाढवून घ्यायची असते. त्यासाठी पायरेटेड प्रतींच्या वाटेला जाण्याची काही गरज नाही. दुकानात ‘सगळं टाकून देतो मॅडम’ असं म्हणणारे भेटतात, म्हणून हे लिहून ठेवते.

मॅकबद्दल बहिणीचं मत मी उडवून लावलं नाही. १३ इंची मॅकबुक एअर सव्वा किलोच्या आसपासचा आहे, त्याला पंखा नाही, बॅटरी दिवसभर पुरते, आणि बी.कॉम. किंवा मास मीडियाला जाणाऱ्या मुलीसाठी पैसे असतील तर मी तोच घ्यायला सांगेन. पण सॉलिडवर्क्स फक्त विंडोजवर चालतं. पूर्वीच्या इंटेलच्या मॅकवर बूटकँपने विंडोज टाकता यायचं. २०२० पासून आलेल्या, अ‍ॅपलच्या स्वतःच्या एम चिपच्या मॅकवर ती सोय नाही. मेकॅनिकलसाठी हा प्रश्न तिथेच संपतो. किमतीचा मुद्दा तर आमच्यासाठी आणखी वेगळा होता.

मग दुकानं सुरू झाली. आधी कल्याणमधली मोठी शोरूम पाहिली, एका रविवारी ग्रँट रोडला उतरून संगणकांच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोडही पालथा घातला. दुकानात गेल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की प्रोसेसरचं नाव अर्धंच सांगतात. ‘रायझन फाइव्ह, सात हजार सिरीज, लेटेस्ट आहे मॅडम.’ काउंटरवर शेजारी शेजारी दोन लॅपटॉप होते, दोघांवर रायझन ५ चा सारखाच स्टिकर. किमतीत मोठा फरक. मी दोघांचे पूर्ण नंबर लिहून घेतले: एक ७५२०यू, दुसरा ७५३०यू. रायझन बनवणाऱ्या एएमडीच्या या नंबरांत तिसरा आकडा महत्त्वाचा असतो, प्रोसेसरच्या आतली रचना कोणत्या पिढीची आहे ते तो सांगतो. पहिल्यातला २ म्हणजे झेन २, ती रचना २०१९ ची, आणि त्यात ४ कोअर, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळं काम करणारे भाग. दुसऱ्यातला ३ म्हणजे झेन ३, २०२० ची, आणि ६ कोअर. नंबरात दहाचा फरक दिसतो, पण यंत्रं निराळी आहेत. शिवाय ७५२०यू बरोबर रॅम बोर्डावर कायमची चिकटवलेलीच येते, ८ जीबी घेतली की ८ जीबीच. विकणाऱ्या मुलाला मी हे विचारलं तेव्हा त्याने मोबाइलवर शोधून पाहिलं आणि ‘हो मॅडम, बरोबर आहे’ म्हणाला. त्यालाही कुणी शिकवलेलं नव्हतं. त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नव्हता, पण या दोन लॅपटॉपपैकी पहिला कुणीतरी कर्ज काढून नेणार, याचं मला फार वाईट वाटलं.

इंटेलच्या आय-फाइव्ह, आय-सेव्हनचं गणित शेवटच्या अक्षरात आहे. यू असेल तर मूळ वीजवापर साधारण १५ वॅटचा, एच असेल तर साधारण ४५ वॅटचा. एचचा प्रोसेसर जास्त काम ओढतो, पण तापतो आणि बॅटरीही खातो. आय-फाइव्ह, आय-सेव्हन या नावांपेक्षा ते अक्षर आणि पिढीचा आकडा आधी पाहावा. जुन्या पिढीचा आय-सेव्हन नव्या पिढीच्या आय-फाइव्हपुढे कमी पडू शकतो, हे सहकाऱ्याला मी नंतर सांगितलं तेव्हा त्यांनाही नवल वाटलं.

रॅमच्या बाबतीत दुकानात करता येण्यासारखी एक सोपी तपासणी आहे. डेमोचा लॅपटॉप चालू असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबायचं. टास्क मॅनेजर उघडतो. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर गेलं की ‘फॉर्म फॅक्टर’ अशी ओळ दिसते. तिथे ‘एसओडीआयएमएम’ असेल तर रॅमची पट्टी काढता-घालता येते. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर ती बोर्डावर चिकटवलेली आहे, जोडीला रिकामी जागा नसेल तर पुढे वाढवता येणार नाही. पातळ लॅपटॉपमध्ये चिकटवलेलीच जास्त सापडते, त्याला इलाज नाही. पण मग घेतानाच १६ घ्यायची. ‘आत्ता आठ घ्या, नंतर वाढवू’ हे वाक्य मी बऱ्याच ठिकाणी ऐकलं आणि प्रत्येक ठिकाणी ही ओळ उघडून दाखवायला लावली. एका ठिकाणी ८ जीबी चिकटवलेली आणि एक जागा रिकामी होती, तिथे ते वाक्य खरं होतं. बाकी कुठे नव्हतं.

स्क्रीनकडे सहसा कुणी नीट बघत नाही, आणि मला वाटतं मुलांच्या डोळ्यांचा विचार करता सगळ्यात जास्त वेळ तिथेच द्यायला हवा. शोरूममधले डेमोचे व्हिडिओ मुद्दाम भडक रंगांचे असतात, त्यांवरून काही कळत नाही. आम्ही प्रत्येक लॅपटॉपवर कोरी एक्सेल शीट उघडायला सांगायचो. मग लेक बाजूला सरकून तिरकी बघायची, स्क्रीन मागे झुकवून बघायची. एका लॅपटॉपवर थोडं बाजूला झालं की पांढरा कागद राखाडी-पिवळा दिसायला लागला. दुसऱ्यावर तसाच राहिला. त्यानंतर शक्य असेल तिथे लॅपटॉप दुकानाच्या दारापर्यंत न्यायचा. स्क्रीनचा उजेड निट्समध्ये मोजतात: २५० निट्सचा स्क्रीन दारातल्या उजेडात फिका पडतो, ३०० चा बरा दिसतो, ४०० चा छान. स्क्रीन किती रंग दाखवतो ते एनटीएससी किंवा एसआरजीबी या मापांत लिहितात. माहितीपत्रकात ४५ टक्के एनटीएससी लिहिलेलं असेल तर रंग उतरलेले दिसणार असं समजावं. १०० टक्के एसआरजीबी असेल तर उत्तम, पण आमच्या बजेटमध्ये तो क्वचितच बसत होता. आकारात मात्र एक फायदा करून घेता आला. पूर्वीचे स्क्रीन १९२० बाय १०८० चे, आता १९२० बाय १२०० चे १४ इंची बरेच मिळतात. उंची वाढल्यामुळे पीडीएफ वाचताना किंवा कोड लिहिताना चार ओळी जास्त दिसतात. लेकीने दोन्हींवर एकच प्रश्नपत्रिका उघडून पाहिली आणि तिथल्या तिथे ‘आई, हाच आकार’ म्हणाली.

बॅटरीच्या जाहिरातीतले तास मी मनावर घेतले नाहीत. कमी ब्राइटनेसवर नुसता व्हिडिओ लावून ते मोजलेले असतात. वॅट-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज साठते, हा आकडा मात्र खरा, तो माहितीपत्रकात शोधला की सापडतो. लिहिणं-वाचणं आणि ब्राउझर चालू असताना पातळ लॅपटॉप सात-आठ वॅट वापरतो असं धरलं, तर ५० वॅट-अवरची बॅटरी सहा तास पुरते. ४१-४२ ची असेल तर पाच तास, आणि दोन वर्षांनी त्याहून कमी. स्वस्तातल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ४१-४२ चीच बॅटरी असते. वर्गात प्लग पॉइंट भिंतीपाशी मोजकेच असतात, तेव्हा पन्नासच्या खाली उतरायचं नाही असं ठरलं. जोडीला टाइप-सी वरून चार्जिंग होतं का, हे विचारायचं. होत असेल तर ६५ वॅटचा छोटा चार्जर लॅपटॉपलाही चालतो आणि फोनलाही, आणि सॅकमधलं आणखी थोडं वजन उतरतं.

लोकलने जाणाऱ्यांनी पाहायची आणखी एक गोष्ट म्हणजे झाकण. गर्दीत सॅक दोन माणसांमध्ये दाबली जाते, तेव्हा तो दाब झाकणावर येतो आणि स्क्रीन आतून कीबोर्डवर टेकतो. स्क्रीनवर कीच्या आकाराचे डाग पडलेले लॅपटॉप लॅमिंग्टन रोडच्या एका रिपेअरवाल्याने आम्हाला काढून दाखवले. एक तर मधोमध तडकलेला होता. त्यांनी सांगितलं तसं आम्ही झाकणाच्या मध्यावर अंगठ्याने हलकं दाबून पाहायला लागलो. प्लॅस्टिकची काही झाकणं चटकन आत जातात, धातूची कमी जातात. बिजागरीसाठी झाकण एका कोपऱ्याला धरून उघडायचं. दुसरा कोपरा मागे राहून पिळल्यासारखा झाला तर तो लॅपटॉप नको. हे त्यांचे शब्द, आणि वर्षानुवर्षं तुटलेल्या बिजागऱ्या बदलणाऱ्या माणसाचे ते असल्यामुळे मला कोणत्याही रिव्ह्यूपेक्षा मोलाचे वाटले.

त्याच रस्त्यावर जुने, कंपन्यांमधून बाहेर पडलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक मिळतात. ज्यांचं बजेट पंचवीस हजारांच्या आसपास आहे त्यांनी ते जरूर पाहावेत. त्या किमतीतल्या नव्या लॅपटॉपपेक्षा त्यांचे कीबोर्ड आणि बांधणी कितीतरी चांगली असते. फक्त इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचीच घ्यायची, कारण त्याआधीच्यांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे तेव्हाच जाहीर होतं. बॅटरी किती उरली आहे ते विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये दिसतं: त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे येतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून मागावेत. आम्ही एक पसंतही केला होता. पण चार वर्षं रोजचा प्रवास आणि वॉरंटी फक्त काही महिन्यांची, म्हणून हिच्या बाबांचं मन वळेना, आणि त्यांचं म्हणणं मला पटलं.

शेवटी जो घेतला तो १४ इंची, १.४ किलोचा, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ३०० निट्सचा १९२० बाय १२०० स्क्रीन, ५० वॅट-अवरची बॅटरी, टाइप-सी चार्जिंग आणि धातूचं झाकण. एचडीएमआय आणि साधे यूएसबी दोन्ही आहेत, कारण सेमिनार हॉलचा प्रोजेक्टर आणि लॅबमधले पेन ड्राइव्ह यांना तेच लागतं. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. सहा महिन्यांत ते बाजारातून जातं आणि त्याच नावाखाली वेगळे भाग घातलेला लॅपटॉप येतो. बिल ५६ हजारांचं झालं, १८ टक्के जीएसटी धरून. उरलेल्या पैशांत वॉरंटी वाढवली आणि तीत अपघाती नुकसान धरलेलं आहे ना, हे वाचून घेतलं. साध्या वॉरंटीत पडणं, तडकणं, पाणी जाणं यातलं काहीच येत नाही.

ईएमआयवर घेणाऱ्यांसाठी एक सांगते. ‘नो कॉस्ट’ म्हटलं तरी प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी लागतो, तो किती ते आधी विचारावं. आणि शैक्षणिक कर्ज काढणार असाल तर अभ्यासक्रमाला लागणारा लॅपटॉप त्या कर्जात धरता येतो. बँकेला कोटेशन देताना तो खर्च मांडायला विसरू नये.

दुकानात खोका आमच्यासमोर फोडायला लावला. खोक्यावरचा, लॅपटॉपच्या पाठीवरचा आणि बिलावरचा सीरियल नंबर जुळवला, तोच नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कोणत्या तारखेपासून धरली आहे ते पाहिलं. ‘चालू करून सेट करून देतो’ याला मात्र नको म्हटलं. विंडोज ११ वर मायक्रोसॉफ्टच्या ज्या खात्याने पहिल्यांदा लॉगिन होतं, त्याच खात्यात डिस्कच्या एन्क्रिप्शनची रिकव्हरी की, म्हणजे डिस्क अडकली तर ती उघडायचा आकडा, जाऊन बसते. सोबत मिळालेलं ऑफिसही ज्या खात्याने चालू कराल त्यालाच जोडलं जातं. ते खातं दुकानदाराचं किंवा काकाच्या मुलाचं नको, तिचंच हवं. घरी आल्यावर लेकीने स्वतःच्या नावाने सगळं केलं, रिकव्हरी की वहीत उतरवून ठेवली आणि चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय चालू केली. टेबलावर काम करताना लॅपटॉप सतत प्लगला लागलेला असतो, तेव्हा बॅटरी त्यामुळे जास्त टिकते.

सॅकमध्ये तो पाठीकडच्या कप्प्यात, स्लीव्ह घालून जातो, डबा आणि बाटली पुढच्या कप्प्यात. सॅक पुढे धरली की तो कप्पा तिच्या अंगाशी येतो आणि बाहेरचा धक्का आधी पुस्तकांना बसतो. जुलै-ऑगस्टसाठी सॅकला रेनकव्हर आहेच, तरी आत एक जाड प्लॅस्टिकची पिशवी ठेवलेली असते. ती रोज नेते. लायब्ररीत बसून जर्नल पुरी करते, परतीच्या गाडीत खिडकी मिळाली तर उघडूनही बसते.

आता बहिणीच्या मुलीचा नंबर आहे. तिला आर्किटेक्चरला जायचंय, पुण्यात, आणि हॉस्टेल कॉलेजच्या आवारातच मिळणार आहे. तिच्यासाठी मी १४ इंची पातळ लॅपटॉप सुचवणार नाही. इमारतींचं मॉडेल करायचं रेव्हिट आणि त्याची खरी वाटणारी चित्रं काढणं, म्हणजे रेंडरिंग, यांना वेगळं ग्राफिक्स कार्ड खरोखर लागतं, मोठा आणि खऱ्या रंगांचा स्क्रीन लागतो, आणि हॉस्टेल ते स्टुडिओ अंतर पाच मिनिटांचं आहे. तिने सव्वादोन किलोचा घेतला तरी चालेल, फक्त रॅमची एक जागा रिकामी असलेला बघू, असं मी बहिणीला कळवलंय.